शिकारीची सहल आणि सोईस्कर पुण्य

पर्यटन संस्थांच्या पत्रकांचा एक ठराविक साचा असतो. पहिल्या दिवशी आगमन व स्वागत, शेवटच्या दिवशी प्रस्थान. मधल्या प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम, निवास, भोजन आणि दर. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे या देशांत धनिक परदेशी पाहुण्यांसाठी मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या सहली निघतात. त्यांची पत्रकेही याच साच्यातली असतात. आल्याबरोबर बंदुकीचे कागद तपासून घ्यायचे, छावणीवर जाऊन नेम पारखायचा, पुढचे आठ-दहा दिवस शिकार करायची आणि मग राखून ठेवलेले एक-दोन दिवस स्थलदर्शनात घालवायचे. व्हिक्टोरिया धबधबा, झांबेझी नदीवर सूर्यास्तसमयी नौकाविहार, एखाद्या गावात लोकनृत्य, लाकडी कोरीव वस्तूंचा बाजार. ज्यांना शिकार करायची नाही अशा पत्नीला वा मुलांना ‘निरीक्षक’ म्हणून कमी दरात सोबत नेण्याचीही सोय असते.

पत्रकाच्या अखेरीस दरपत्रक असते, आणि ते वाचताना मात्र सहृदय माणूस थबकतो. दर दिवसाचे शुल्क वेगळे, प्रत्येक जनावराची किंमत वेगळी. इम्पाला हरणाला काहीशे डॉलर, रानरेड्याला हजारो, सिंहाला व हत्तीला त्याच्या कित्येक पट. जखमी होऊन निसटलेले जनावर मारलेल्यांतच धरले जाते; रक्ताचा थेंब दिसला की पूर्ण किंमत लागू. मांस बहुधा मागेच राहते. पाहुणा शिर, शिंगे आणि कातडे नेतो. त्यात पेंढा भरून घेण्याचा व ते जहाजाने घरी पाठविण्याचा खर्च निराळा. धबधब्याची छायाचित्रे आणि सिंहाचे शिर एकाच सहलीची आठवण म्हणून एकाच भिंतीवर टांगली जातात.

हा प्रकार नवा नाही. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरल्यावर १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी व त्यांच्या पुत्राने मिळून ५१२ जनावरे मारली, आणि ही मोहीम विज्ञानासाठी होती असे सांगितले गेले. सम्राट पाचव्या जॉर्जने डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीचा दरबार आटोपून नेपाळची तराई गाठली. त्या एका शिकारीत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्यासमवेत भारतात आलेल्या प्रिन्स फिलिप यांनी जयपूरच्या महाराजांचे पाहुणे असताना वाघ मारला. त्याच दौऱ्यात ताजमहालही पाहून झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीचे पुढे हेच प्रिन्स अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतरची दोन दशके नागपूरसारख्या शहरांतूनही शिकार-कंपन्या चालत आणि विदेशी पाहुण्यांना मचाणावर बसवून वाघ दाखवीत. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार आपल्याकडे संपला. आफ्रिकेत तो चालू आहे, आणि आज तो एक नवे वस्त्र पांघरून उभा आहे. त्या वस्त्राचे नाव परोपकार.

या परोपकाराचा युक्तिवाद प्रथम नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. हत्तींचा कळप एका रात्रीत शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य तुडवून जातो. सिंह दावणीची गुरे नेतो. ज्या गावाला वन्यप्राण्यांपासून केवळ नुकसानच आहे, ते गाव विष घालील, फास लावील किंवा रान जाळून शेत करील. झिम्बाब्वेत १९८९ पासून आणि नामिबियात १९९६ च्या कायद्यानंतर शिकारीच्या उत्पन्नातील वाटा गावसमाजांना देण्याची व्यवस्था झाली. जेथे रस्ते नाहीत, पाणी नाही आणि कॅमेरा घेऊन फिरणारा पर्यटक फिरकत नाही, अशा कोरड्या मुलखात थोडेसे शिकारी पुष्कळ पैसा देऊन जातात. त्या पैशातून गावाचे रक्षक नेमले जातात, क्वचित विहीर होते, शाळेची खोली होते. उलट केनियाने १९७७ साली शिकार बंद केली, तरी नंतरच्या दशकांत तेथील वन्यप्राणी घटतच गेले. हे सारे खरे आहे. प्राण्यांवरील प्रेमापोटी जो हे नाकारतो, तो त्या गावकऱ्याचे दुःख नाकारतो.

परंतु या युक्तिवादाने नेमके काय सिद्ध होते? विकणाऱ्याची बाजू सिद्ध होते, विकत घेणाऱ्याची नव्हे. नामिबियाच्या एखाद्या गावाने आपल्या हद्दीतील एका म्हाताऱ्या हत्तीचा परवाना विकला, तर त्या गावाची गरज आपण समजू शकतो. पण विकणाऱ्याची गरज हे विकत घेणाऱ्याचे पुण्य कसे ठरेल? दुष्काळात पोटासाठी घरातले दागिने विकणाऱ्या बाईला आपण दोष देत नाही; पण ते पडत्या भावात घेणारा सावकार ‘मी तिची मुले जगवली’ असे सांगत फिरू लागला, तर त्याच्याविषयी आपण काय म्हणू?

नीतिशास्त्रात कोणत्याही कृत्याचा विचार तीन अंगांनी करतात: कृती कोणती, हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती. शिकारीचे समर्थक सर्व भर परिस्थितीवर देतात. जंगलाला पैसा हवा, सरकार गरीब आहे, जनावर म्हातारे आहे. हेतूचा विषय निघाला की ते गप्प होतात. हेतू ओळखण्याची कसोटी मात्र अगदी सोपी आहे. शिकाऱ्याला सांगा, ‘तुमचे पैसे आम्ही कृतज्ञतेने घेतो, त्यातून रक्षक नेमतो, गावाला विहीर देतो. तुम्ही फक्त ते जनावर मारू नका.’ किती जण तो व्यवहार करतील? जो करील तो खरा दाता. जो पैसे खिशात परत घालील, त्याने आपला हेतू स्वतःच्या हाताने लिहून दिला. शिर हेच त्याचे साध्य आहे. गाव आणि जंगल ही त्या साध्याला चिकटवलेली शोभा आहे.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील डल्लास येथे नामिबियातील एक काळा गेंडा मारण्याच्या परवान्याचा लिलाव झाला. बोली साडेतीन लाख डॉलरवर गेली, आणि मे २०१५ मध्ये तो गेंडा मारला गेला. प्रजोत्पादनाचे वय उलटलेला तो नर तरुण नरांना धोका ठरतो, असे कारण देण्यात आले. ते कारण क्षणभर मान्य करू. असे जनावर काढून टाकणे आवश्यकच असेल, तर ते वनरक्षकाचे कटू कर्तव्य आहे. कर्तव्य लिलावात विकले की त्याची चैन होते. फाशीच्या शिक्षेचे कट्टर समर्थकसुद्धा खटका ओढण्याचा मान सर्वाधिक बोली लावणाऱ्याला द्या, असे म्हणणार नाहीत. मग त्या पैशातून किती अनाथालये चालतील, याचा हिशेब कोणी कितीही चोख मांडो.

एकदा जीव विकाऊ झाला की बाजार आपल्या नियमाने चालतो. दक्षिण आफ्रिकेत सिंहांची कुंपणाआड पैदास करून, माणसांच्या हाताळणीला सरावलेले तेच सिंह शिकारीसाठी सोडण्याचा धंदा वाढला. २०२१ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर तेथील मंत्र्यांनी तो थांबविण्याचे धोरण जाहीर केले. या सिंहांना जंगल ठाऊकच नव्हते. त्यांच्या मरणाने कोणते जंगल वाचणार होते? जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर ‘सेसिल’ नावाचा सिंह मारला गेला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा बांधला होता. शिकाऱ्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचे वृत्त होते. बाण लागल्यानंतर तो सिंह कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता. त्या तासांची नोंद कोणत्या दरपत्रकात आहे?

आता त्या स्थलदर्शनाकडे वळू. तेही वाटते तितके निरुपद्रवी नाही. ज्या धबधब्याला पत्रकात इंग्लंडच्या राणीचे नाव आहे, त्याला लिव्हिंग्स्टन १८५५ साली तेथे पोहोचण्यापूर्वीच ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, असे सुंदर नाव होते. ज्या ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी अवशेषांपुढे पाहुणे छायाचित्र काढतात, ते आफ्रिकी माणसांनी उभारले हे मान्य करायला गोऱ्या राजवटीने दीर्घकाळ नकार दिला. त्याच राजवटीने एका कृत्याला दोन नावे दिली. गोऱ्या साहेबाने मौजेखातर हरीण मारले तर ती ‘क्रीडा’. तेथल्या भूमिपुत्राने बापजाद्यांच्या रानात पोटासाठी तेच हरीण मारले तर ती ‘चोरटी शिकार’. ती दोन नावे अजून पुसली गेलेली नाहीत. फरक इतकाच की आता भूमिपुत्राने माग काढायचा, ओझे वाहायचे आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे नाचायचे. त्याचा देशही पाहण्याची वस्तू आणि तोही पाहण्याची वस्तू.

येथे कोणी विचारील, ‘फादर, आपल्या लग्नसमारंभांत आणि सणांत मांस शिजत नाही काय? मग शिकाऱ्यालाच का झोडपता?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की अन्नासाठी जीव घेणे आणि जीव घेण्याच्या आनंदासाठी जीव घेणे यांत अंतर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भीषण दुष्काळात नामिबिया सरकारने भुकेल्या लोकांना मांस देता यावे म्हणून ८३ हत्तींसह ७२३ वन्यप्राणी मारण्याचा निर्णय जाहीर केला. जगभर त्यावर टीका झाली. त्या निर्णयाच्या शहाणपणाविषयी मतभेद असू शकतात, पण त्यात भूक होती आणि भुकेलेल्यांची काळजी होती. भिंतीला भूक लागत नाही.

शिकारीचे समर्थक कधी कधी बायबलचाही आधार घेतात: देवाने मानवाला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली आहे ना? दिली आहे. पण उत्पत्तीच्या त्याच पुस्तकात बागेची मशागत आणि राखण करण्याचे कामही मानवावर सोपवलेले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सत्तेचा अर्थ मनमानी असा लावणे चुकीचे असल्याचे स्पष्ट केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करतो, परंतु विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवतो. शिकाऱ्यांचे आश्रयदाते मानलेले संत ह्यूबर्ट यांची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे: पाठलाग केलेल्या सांबराच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला आणि त्यांची शिकार तेथेच थांबली. युरोपातील शिकाऱ्यांनी संत घेतला, त्याचे थांबणे मात्र घेतले नाही.

तेव्हा बंदी घालून मोकळे व्हावे काय? येथेही सोईस्कर पुण्याचा मोह आहेच. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने मार्च २०२३ मध्ये शिकारीची शिरे व कातडी देशात आणण्यास मनाई करणारे विधेयक मंजूर केले. पुढे ते वरिष्ठ सभागृहात अडकून बारगळले. जर्मनीत तसाच विचार सुरू झाला तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये बोट्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मासिसी संतापून म्हणाले की आम्ही तुम्हाला वीस हजार हत्ती पाठवतो, त्यांच्यासोबत राहून दाखवा. त्या संतापात सत्य आहे. जो दुरून बंदी मागतो, त्याने त्या गावाचे बुडालेले उत्पन्न भरून देण्याची तयारी ठेवली पाहिजे. नाहीतर शिकारी शिर घेऊन जातो आणि प्राणिमित्र समाधान घेऊन जातो. गावकरी दोघांकडूनही रिकामाच राहतो.

आपल्याला हे कळायला आफ्रिकेत जावे लागत नाही. १९७२ च्या गणनेत भारतात सुमारे १८०० वाघ उरले होते. २०२२ च्या गणनेत त्यांचा अंदाज ३६८२ वर गेला. शिकाऱ्यांच्या डॉलरशिवाय वाघ वाचतो, हे आपण सिद्ध केले. पण त्याची किंमत आपण शहरवासीयांनी फारशी मोजलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली गरीब माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात, ती ही किंमत मोजतात. आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी रोखून धरली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. हातात बंदूक नव्हती, कॅमेरा होता. पण ‘पैसे मोजले आहेत, आता जनावर माझे’ ही वृत्ती तीच होती.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे आता दूरदूरच्या सहलींना जातात, मुलांना जग दाखवतात. ही आनंदाची गोष्ट आहे. जाताना मुलांना एवढे मात्र अवश्य सांगावे की तिकिटाच्या पैशात पाहण्याचा हक्क मिळतो, मालकीचा नव्हे. रानातून परतताना तेथल्या वाटाड्याचे नाव विचारावे, त्याच्या शेताचे काय झाले ते विचारावे आणि जंगलाच्या रक्षणासाठी काही द्यायचे असेल तर ते मोबदल्यात काहीही न मागता द्यावे.