खेळाडूंचा गुरु

दुसरबिडांतील कित्येक पालक आम्हांस विचारतात कीं, संघांत निवड न झालेल्या मुलानें मैदानावर वेळ कां दवडावा? त्यांच्यापुढें आम्ही श्री. चंद्रकांत पंडित यांचें उदाहरण ठेवूं इच्छितों.

हे मुंबईचे यष्टिरक्षक. १९८६ ते १९९२ या काळांत भारताकरितां ते अवघे ५ कसोटी सामने खेळले. पुढें मध्यप्रदेशाचे कर्णधार असतां, १९९९ सालीं बंगलोर येथें रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत, पहिल्या डावांत आघाडी मिळूनहि त्यांचा संघ कर्नाटकाकडून हरला. येथें चरित्र संपलें, असें कोणासहि वाटावें.

परंतु शिक्षक झाल्यावर त्यांनीं मुंबईस करंडक मिळवून दिला, आणि २०१७ सालीं ते आपल्या विदर्भाकडे आले. तोंवर विदर्भ अंतिम सामन्यापर्यंत कधींच पोहोंचला नव्हता. त्यानें इंदूर येथें दिल्लीस ९ गडी राखून हरविलें, आणि पुढल्याच हंगामांत नागपुरास करंडक राखला. पंडित शिस्तीस फार कडक म्हणून प्रसिद्ध आहेत. (हें वाचून आम्हां शिक्षकांस थोडा आनंद झाला, हें कबूल करतों.) पण नुसत्या कडकपणानें मुलें घडतीं, तर आमच्या शाळेंत एकहि विद्यार्थी नापास न होता! ज्यास स्वतःस पराजय ठाऊक आहे, तो हरणाऱ्याचें मन जाणतो, असें आमचें मत आहे. २०२२ च्या जूनमध्यें त्याच बंगलोरच्या मैदानावर मध्यप्रदेशानें मुंबईस हरवून करंडक जिंकला, तेव्हां त्या संघाचे गुरु पंडितच होते.

यंदा आमच्या संघांत न घेतलेलीं दोन मुलें रोज सायंकाळीं लहानग्यांस झेल घेण्यास शिकवितात. त्यांस घरीं बोलावून नेण्यापूर्वीं त्यांच्या पालकांनीं एकदां मैदानावर येऊन तें पाहावें.