क्लाउडच्या कोठीची किल्ली कोणाकडे?

भोर किंवा वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, डोंगराळ गावातील शेतकरी सेवा केंद्रात आधार कार्ड देतो, तेव्हा त्याची प्रत पुढे कोठे साठते, हे त्याला क्वचितच सांगितले जाते. २०२० मध्ये या प्रश्नाचे गांभीर्य देशापुढे आले. ‘भीम’च्या प्रसारासाठी सीएससीच्या संकेतस्थळावर जमा झालेली आधार कार्डे, जातीचे दाखले अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधील एका ‘बकेट’मध्ये, म्हणजे फायलींच्या कोठीत, कोणालाही पाहता येत होते, असे ‘व्हीपीएनमेंटॉर’च्या संशोधकांनी उघड केले. नोंदी सुमारे ७० लाख. ‘भीम’ अ‍ॅपमधील माहिती फुटल्याचा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने इन्कार केला.

कुलूप कोणी फोडले नव्हते. ते लावलेलेच नव्हते. वास्तविक या साठवणुकीचा मूळ नियम कडक आहे. लेखी परवानगी नसेल तर प्रवेश नाही, आणि स्पष्ट मनाई प्रत्येक परवानगीवर मात करते. कोणी, कोणत्या फायलीवर, कोणती कृती, कोणत्या अटीवर करावी, एवढेच धोरणात लिहायचे. ‘कोणी’च्या जागी घाईने तारांकन पडले की सारे जग आत! एप्रिल २०२३ पासून अ‍ॅमेझॉनने नव्या बकेटांचा सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद ठेवला. जुन्या मात्र ज्याच्या त्याने तपासायच्या.

महसूल खात्याला ही शिस्त नवी नाही. ई-फेरफारमध्ये तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो, ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. दाखल्यांच्या प्रती वाचण्याचे आणि पुसण्याचे अधिकार असे वेगळे ठेवण्याची अट किती कंत्राटांत असते? २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचे आधार फुटले, त्या शेतकऱ्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.