क्रुसाखालची गर्दी

आज गुड फ्रायडे. काल सायंकाळच्या उपासनेपासून गोव्यातील चर्चच्या घंटा मुक्या झाल्या आहेत. त्यांच्या जागी आज लाकडी पट्ट्यांचा कोरडा खडखडाट ऐकू येईल. वेदीवर ना फुले, ना वस्त्र. वर्षातील या एका दिवशी मिस्साबलीचा विधी होत नाही. तिसऱ्या प्रहरी उपासना होईल, आणि गावोगावी मृत ख्रिस्ताची मूर्ती शवपेटीतून मिरवणुकीने निघेल. मागून शोकाकुल मातेची मूर्ती येईल. अशा दिवशी आपल्यातील काही मंडळी ख्रिस्ती शेजाऱ्यांना मोठ्या उत्साहाने 'हॅपी गुड फ्रायडे'च्या शुभेच्छा धाडतात. हेतू चांगला असतो, परंतु सुतक असलेल्या घरी पेढे नेण्यासारखाच हा प्रकार आहे. या नावातील 'गुड' या शब्दाचा जुना अर्थ 'पवित्र' असा होता. मराठी ख्रिस्ती बांधव 'उत्तम शुक्रवार' म्हणतात तेही त्याच अर्थाने.

शेकडो वर्षे शेजारी राहूनही शेजाऱ्याच्या सर्वांत गंभीर दिवसाची आपली ओळख एका सुट्टीपलीकडे गेलेली नाही, ही गोष्ट भूषणावह नव्हे. त्याला एक कारण असावे. आमचे बहुतेक सण विजयाचे आहेत. दसऱ्याला रावण पडतो, नरकचतुर्दशीला नरकासुराचा वध होतो. संतांच्या पुण्यतिथ्या आम्ही पाळतो. पण आळंदीची समाधी ही ज्ञानदेवांनी स्वेच्छेने घेतलेली आहे आणि तुकोबांचे प्रयाण हे भक्तांच्या लेखी वैकुंठगमन आहे. न्यायासनासमोर उभ्या केलेल्या, निर्दोष असूनही दोषी ठरवलेल्या आणि चोरांच्या रांगेत टांगलेल्या माणसाच्या मरणाचा दिवस हा सर्वांत पवित्र दिवसांपैकी एक मानावा, ही कल्पना आमच्या पंचांगात सहसा आढळत नाही. म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे.

ख्रिस्ताच्या मृत्यूची कथा थोडक्यात सर्वांना ठाऊक असते. ती उपासनेत कशी सांगितली जाते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. आज योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. अनेक चर्चमध्ये तो निरनिराळ्या आवाजांत वाटून दिलेला असतो. ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरू म्हणतात, निवेदन दुसरा करतो, पिलाताचे बोलणे तिसरा. आणि यरुशलेमच्या जमावाचे बोलणे? क्रुसाची शिक्षा मागणारी ती भयंकर आरोळी? ती जमलेल्या भाविकांनी द्यायची असते. ज्याची आराधना करण्यासाठी माणसे उपाशीपोटी आली आहेत, त्याच्याच मरणाची मागणी त्यांच्या तोंडून वदवली जाते. आमच्या मते या दिवसाचा सारा अर्थ या एका योजनेत साठवलेला आहे. अपराधी म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय येथे कोणालाच ठेवलेली नाही. त्या गर्दीत तू कोठे उभा होतास, एवढाच प्रश्न हा शुक्रवार विचारतो.

हा प्रश्न खुद्द ख्रिस्ती जगालाही कित्येक शतके पेलला नाही, हे इतिहास सांगतो. युरोपात याच दिवसाच्या आसपास ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत, कारण ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे होते. या दिवसाच्या प्रार्थनेतील ज्यूंना हिणवणारा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढून टाकला, आणि साऱ्या ज्यू जमातीवर हा दोष ठेवता येणार नाही असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. चूक सुधारायला एवढा काळ लागला. पण ती सुधारली गेली, हेही नोंदवले पाहिजे.

गोमंतकापुरते बोलायचे तर ही कथा या भूमीत आली ती मराठीचे बोट धरून. १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले. मराठीच्या थोरवीचे गोडवे गात त्यांनी ही कथा पुराणाच्या साच्यात ओतली आणि नवख्रिस्ती भाविक ती आवडीने ऐकू लागले. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन मांडलेले होते आणि मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत हलले नाही. १६८४ मध्ये तर येथील लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागा, असे फर्मान निघाले. पिलाताच्या दरबारातील आरोपीची पूजा करणाऱ्यांनीच येथे पिलाताचे आसन बळकावले. आमच्या वाडवडिलांनी देव पाठीवर घेऊन नद्या ओलांडल्या, त्या या काळात.

कुंकळ्ळी हे गाव या कडू इतिहासाचे बोलके उदाहरण आहे. देवळे पाडली गेल्याने खवळलेल्या गावकऱ्यांच्या हातून १५८३ च्या जुलैमध्ये पाच जेझुइट आणि त्यांचे काही सोबती मारले गेले. पुढे त्या गावच्या म्होरक्यांना बोलण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने ठार करण्यात आले. त्या पाच जेझुइटांना रोमने १८९३ मध्ये 'धन्य' घोषित केले; मारल्या गेलेल्या गावकारांचे स्मारक उभे राहायला मात्र विसाव्या शतकानंतरची पहाट उजाडावी लागली. तरीही फातर्प्याच्या श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची छत्र्यांची मिरवणूक कुंकळ्ळीत येते तेव्हा तेथील ख्रिस्ती गावकारांचा मान आजही राखला जातो. मोठमोठ्या घोषणापत्रांना जे साधत नाही, ते या लोकांनी न बोलता साधले आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी धर्माच्या नावाने झालेल्या अन्यायांबद्दल देवाजवळ जाहीर क्षमायाचना केली. क्षमा मागण्यास लागणारे धैर्य हेच या शुक्रवारचे खरे फळ होय.

आता आपल्याकडे वळू. २०१५ साली देशातील उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींची परिषद ३ एप्रिलला, म्हणजे नेमकी गुड फ्रायडेच्या दिवशी सुरू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांना त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. २०१९ मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने या दिवसाची सक्तीची सुट्टी रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती पुन्हा द्यायला लावली. दमण-दीव १९८७ पर्यंत आमच्याच प्रशासनाचा भाग होते, म्हणून ही गोष्ट अधिक जवळची. एक दिवस कामकाज चालले काय आणि बंद राहिले काय, असे कोणी म्हणेल. प्रश्न कामकाजाचा नाही. संख्येने थोडे असणाऱ्यांच्या दुःखाचा दिवस बहुसंख्यांना आठवतो की नाही, हा आहे. २०१७ च्या जुलैत दक्षिण गोव्यात क्रूस आणि थडगी फोडली गेली, तेव्हा या भूमीतील सर्वच समाजांतील विचारी माणसांनी मान खाली घातली होती.

मात्र भाविकांनाही हा दिवस केवळ मिरवणुकीने आणि उपवासाने पार पाडता येणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात पिलात पाणी मागवून हात धुतो. आरोपी निर्दोष आहे हे त्याला कळते, परंतु गर्दीचा रोष नको असतो. असे हात धुणे आजही चालू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे आपल्या तुरुंगांतील दर चार माणसांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा अपराध अजून सिद्ध व्हायचा आहे. निव्वळ संशयावरून रस्त्यात माणूस ठेचून मारणारे जमावही आपण पाहिले आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले, त्यांत एक मुसलमान मुलगीही होती. हात धुणारा अधिकारी आणि पाय धुणारा धर्मगुरू, या दोघांतून निवड करायची असते.

१९३१ च्या डिसेंबरात रोमला गेले असता गांधीजी क्रुसावरील ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे गहिवरून उभे राहिले होते. सेवाग्रामच्या आपल्या झोपडीत त्यांनी एकच चित्र लावले होते, ते ख्रिस्ताचे. धर्म न बदलता दुसऱ्या धर्मातील वेदना आपली मानता येते, हे त्यांनी दाखवले. १९४८ मधील त्यांच्या मृत्यूचा दिवसही शुक्रवारच होता.

आजच्या उपासनेत दहा प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांतील एक ज्यूंसाठी असते, एक ख्रिस्तावर विश्वास नसणाऱ्यांसाठी, एक देवच न मानणाऱ्यांसाठी आणि एक राज्यकर्त्यांसाठी. म्हणजे आज दुपारी आमच्या गावच्या चर्चमध्ये गुडघे टेकलेला शेजारी आमच्यासाठीही काही मागणार आहे. त्याला शुभेच्छा देण्याचे कारण नाही. त्याच्या दारावरून मिरवणूक जाईल तेव्हा क्षणभर थांबावे, गाडीचा भोंगा वाजवू नये, आणि त्याला विचारला जाणारा प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावा. गर्दीला धर्म नसतो. तिच्यात उभे राहण्याचा मोह मात्र प्रत्येक धर्माच्या माणसाला होतो.