कोरा ताका बाहेर, नफाही बाहेर

मालेगावात यंत्रमाग किती, हे आम्हाला नेहमी विचारले जाते. मागावरून उतरलेला ताका पुढे कुठे जातो, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्यातला बराच माल कोराच राजस्थानात पाली व बालोत्रा येथे रवाना होतो. तिथे तो धुतला, रंगवला, छापला जातो आणि दुसऱ्याच्या छापाने बाजारात उतरतो. विणण्याची मेहनत आमच्या कारागिरांची; रंगाची व नावाची कमाई इतरांची. सुताचा भाव गिरणी ठरवते, कापडाचा भाव खरेदीदार. मधल्या मागवाल्याला मीटरमागे चार पैसे सुटतात. सूत चढले की तेही जातात.

नवे माग आणा, असा सल्ला मिळतो. त्यासाठी १९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आली. तिची मुदत २०२२ मध्ये संपली. पण नव्या मागावरही कोरेच कापड विणले, तर दुखणे कायम राहते. हजारो माग शेजारी शेजारी असूनही जो तो आपापली सुताची गोणी वेगळी आणतो, तोवर समूहाचा फायदा कुणालाच मिळत नाही.

सुरुवात सुतापासून करावी. वीस मागवाल्यांनी एकत्र खरेदी केली, तर भावही बरा मिळेल आणि मालाची जातही तपासून घेता येईल. पुढची पायरी रंगाईची. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळते; मात्र सभासदांना संस्था स्थापून आपला हिस्सा भरावा लागतो. इथे एक खबरदारी हवी. रंगाईच्या सांडपाण्याने पालीची बांडी नदी नासली आणि प्रकरण कोर्टात गेले. म्हणून सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च पहिल्याच हिशेबात धरावा. हा खर्च एकट्यादुकट्याला पेलणारा नाही.

तिसरी गोष्ट उधारीची, आणि ती आम्हा व्यापाऱ्यांना झोंबणारी आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत टळली, तर आयकरात त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण या हक्कासाठी मागवाल्याची उद्यम नोंदणी हवी. ती मोफत आहे, तरी अनेकांनी केलेली नाही. काही व्यापारी नोंदणी नसलेल्याकडूनच माल घेणे पसंत करतात. यात दोघांचाही तोटा आहे. पैसे अडकले की मागवाला महाग उधारीवर सूत घेतो, हलके सूत वापरतो आणि तोच ताका आमच्या गादीवर परत येतो.

भागीदारी बहुधा हिशेबावरून मोडते. म्हणून हिशेब लेखी असावा, दरमहा सर्वांसमोर वाचला जावा. येत्या हंगामात एका मोहल्ल्यातल्या वीस जणांनी फक्त सूत एकत्र घेऊन पाहावे. तेवढे जमले, तर रंगाईच्या कारखान्याची गोष्ट करायला आपण मोकळे आहोत.