अंबाडीची बोंडं

पुण्यातल्या एका दुकानातून परवा 'हिबिस्कस टी'चा डबा आणला. वर जास्वंदीचं टपोरं लाल फूल आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंटने भरपूर'. घरी येऊन उघडला, तर जास्वंद कुठेच नव्हती. आत होते गडद किरमिजी, सुकून आक्रसलेले तुकडे. एक तोंडात टाकला, दात आंबले, आणि मी थेट वर्धा जिल्ह्यातल्या मावशीच्या अंगणात पोहोचले. फोटो पाठवला तसा तिचा फोन आला. "अवं, हे तं आपल्या अंबाडीचे बोंडं हायेत. पैसे देऊन काऊन आनले?"

धुऱ्याला अंबाडीची ओळ नाही असं शेत लहानपणी मी पाहिलंच नाही. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी, तीत ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. खोडं पाण्यात कुजवून काढलेल्या वाखाचे दोर पोळ्याला बैलांसाठी वळले जायचे. वाखासाठी लावतात ती अंबाडी आणि बोंडांची लाल अंबाडी या सख्ख्या बहिणी. लाल अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस सब्दारिफा. जास्वंदही याच हिबिस्कस कुळीची, म्हणून डब्यावर तिचं चित्र. पण खरं फूल दिसतं अगदी वेगळं. फिकट पिवळं, मध्यभागी लालसर ठिपका, एका दिवसात उमलून कोमेजणारं. ते गळलं की त्याच्या तळाशी असलेला निदलपुंज फुगतो, मांसल होतो, लाल होतो आणि बियांच्या बोंडाला वेढून बसतो. हिवाळ्याच्या तोंडाला मावशी ओसरीवर बसून बोंडं सोलायची. बी एका बाजूला, लाल वेढे सुपात. त्यांची चटणी व्हायची, सरबत व्हायचं. उरलेले वाळत पडायचे आणि बरेचसे तसेच वाया जायचे. त्या वाया जाण्याची हळहळ आज मला जास्त वाटते.

कारण याच लाल वेढ्यांवर जगातल्या कितीतरी गावांची तहान भागते. इजिप्त आणि सुदानमध्ये त्याला करकदे म्हणतात. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार. इजिप्तमध्ये लग्नात पाहुण्यांच्या हाती करकदेचाच पेला देतात. सेनेगलमध्ये ते बिस्साप होतं, मेक्सिकोत हामाइका, आणि कॅरिबियन बेटांवर त्याच्याशिवाय नाताळ होत नाही.

आता डब्यावरच्या त्या शब्दाकडे येते. बोंडांचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. त्यांतली दोन मुख्य, डेल्फिनिडिन आणि सायनिडिन यांच्यापासून बनलेली. जोडीला प्रोटोकॅटेच्युइक आम्ल आणि क्लोरोजेनिक आम्ल. परीक्षानळीत ही मंडळी मुक्त मूलकांना, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन भटकणाऱ्या उपद्रवी रेणूंना, झटकन शांत करतात. अशा मूलकांमुळेच आपण म्हातारे होतो, ही कल्पना डेनहॅम हरमन यांनी 1956 मध्ये मांडली, आणि तिथून 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द प्रयोगशाळेतून बाजारात आला. बाजाराने त्याचं सोपं गणित केलं: जितकं जास्त, तितकं चांगलं.

शरीर या गणिताने चालत नाही. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायला हवा होता. तो 18 टक्क्यांनी जास्त आढळला. हा निष्कर्ष 1994 चा. खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद सांगणारा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये मागे घेतला. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांवरून शरीरात काय होईल हे सांगता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, हे कारण. अंबाडीची अँथोसायनिनं प्यायल्यावर मूळ रूपात लघवीत उतरतात ती एक टक्क्याहूनही खूप कमी. बाकीची आतड्यात मोडतात, बदलतात.

मग बोंडांत काहीच नाही का? आहे, आणि ते त्या डब्यावरच्या शब्दापेक्षा मोलाचं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब थोडा वाढलेली, पण गोळ्या न घेणारी 65 माणसं. काहींनी रोज तीन कप बोंडांचा चहा सहा आठवडे घेतला, बाकीच्यांनी तशाच चवीचं बनावट पेय. चहा घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी 7.2 ने उतरलं, दुसऱ्या गटाचं 1.3 ने. कपाला बोंडं किती, तर सव्वा ग्रॅम, उकळतं पाणी ओतून सहा मिनिटं झाकलेली. अभ्यास लहान आहे, खालच्या आकड्यात ठळक फरक पडला नाही. तरी माणसांवर नीट मोजलेला परिणाम मला परीक्षानळीतल्या हजार आकड्यांहून मोठा वाटतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग माह्या बीपीले चालते का?"

ती आठ वर्षं रोज गोळी घेते. मी म्हटलं, गोळी अजिबात सोडायची नाही. गोळीच्या जोडीने बीपी फार उतरलं तर चक्कर येईल, म्हणून आधी डॉक्टरांना विचार. आणि बोंडं उकळतेस कशात?

"जर्मनच्या गंजात."

ते मात्र नको, म्हटलं. बोंडांचं आम्ल ॲल्युमिनियम खातं, आणि ते पाण्यात उतरतं. फार वेळ उकळूही नको, रंग मोडतो. मावशी जरा वेळ गप्प राहिली. मग मागे भांड्यांचा आवाज झाला आणि तिने सुनेला हाक मारली, "अवं, तो स्टीलचा गंज काढ वो वरचा!"