मढ्याची जात

सात दिवसांचे खाडे करून बस्तरला जाऊन आलो. मुकादमानं विचारलं, "काय रे, लग्न का मयत?" म्हणालो, "मयत." खोटं बोललो नव्हतो.

ज्याच्यासंगं गेलो तो नगरकडचा. त्याच्या खापरपणज्यानं महारवाड्यात राहून येशू जवळ केला. माझ्या आज्यानं छप्पन साली बुद्ध जवळ केला. वाटा दोन, पण दोन्ही गावकुसाबाहेरूनच निघालेल्या. तो आता एका ख्रिस्ती मदतसंस्थेत त्या भागाचं काम बघतो. छळ झालेल्या कुटुंबांना धान्य, औषध, वकील पोचवायचा. पगार माझ्यापेक्षा थोडा बरा, झोप माझ्यापेक्षा कमी. वर्षभर म्हणत होता, "एकदा ये, बघ." गेलो.

नावंगावं लिहीत नाही. ज्यांनी आपल्या ताटातलं वाढलं त्यांच्या दारात उद्या कुणी काठ्या घेऊन जायला नको.

सोमवार पावत्यांत गेला. तांदूळ किती, डाळ किती, कुणाला दिली, सही कुठं, अंगठा कुठं. मला हसू आलं. गोदीत मालाच्या नोंदी करतात तसलंच हे. तो हसला नाही. म्हणाला, "ही पावती नाही, हा माझा जामीन आहे."

मित्रांनो, त्याचा अर्थ समजून घ्या. धर्मांतराविरुद्धचा कायदा ओडिशात १९६७ साली आला, मध्य प्रदेशात १९६८ साली. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा मध्य प्रदेशचा कायदा त्याच्या वाट्याला वारशानं आला. आणि या कायद्यांची नावं काय? धर्मस्वातंत्र्याचा कायदा! २०२१च्या उत्तर प्रदेशच्या कायद्यात आमिषाची व्याख्या वाचा. भेटवस्तू आमिष, नोकरी आमिष, धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेतलं फुकट शिक्षण आमिष, आणि बरं राहणीमान हेसुद्धा आमिष. म्हणजे उपाशी माणसाला बरं जगायचं स्वप्न दाखवणं हा गुन्ह्याचा पुरावा. हजारो वर्षं ज्यांनी आम्हाला उष्टं टाकलं त्यांच्यावर एक कलम लागलं नाही. कुणी ताजा भात वाढला की लगेच कलम!

मंगळवारी एका बाईला भेटलो. आदिवासी. गावानं टाकलेली. तिची हलबी मला निम्मी कळत होती, हलबी मराठीची नात्यातलीच. हापशावर पाणी भरू देत नाहीत. दुकानदार मीठ देत नाही. रोपणीला कुणी बोलवत नाही. ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात महाड घुमत होतं. १९२७. बाबासाहेबांनी ओंजळ भरली त्याला शंभर वर्षं व्हायला आली आणि या देशात पाण्याला अजून धर्म विचारतात.

हे एका बाईचं रडगाणं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतल्या गावागावांतून ख्रिस्ती आदिवासी हाकलले गेले. ऐन थंडीत नारायणपूरच्या बंदिस्त स्टेडियममध्ये पोराबाळांसकट पडून राहिले. २ जानेवारी २०२३ ला तिथलं चर्च फोडलं. आवरायला गेलेल्या पोलीस अधीक्षकाचंच डोकं फुटलं.

बुधवारी ठाण्यात बसलो. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत. तक्रार लिहून घेतली नाही. "आपसात मिटवा" म्हणाले. मारणारा आणि मार खाणारा यांच्यात आपसात काय मिटवायचं असतं, ते मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नाही.

गुरुवारी त्यानं मला एका मढ्याची गोष्ट सांगितली. ती कोर्टाच्या कागदावर आहे. बस्तर जिल्ह्यातला एक पास्टर ७ जानेवारी २०२५ ला वारला. जात महारा. नावात एक काना जास्त, बाकी सगळं आपलंच. २०२३ साली संसदेनं छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत महारच्या जोडीला महारा हे नाव घातलं. गाव म्हणालं, इथं पुरायचं नाही. स्वतःच्या शेतातही नाही. हायकोर्टानं पोराचं ऐकलं नाही. सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. एक म्हणाल्या, खासगी जमिनीत पुरू द्या. दुसरे म्हणाले, ख्रिस्त्यांसाठी नेमलेल्या जागीच पुरा. शेवटी २७ जानेवारीला हुकूम झाला, वीसेक किलोमीटर लांब न्या. वीस दिवस बाप शवागारात. जगताना वेशीबाहेर, मेल्यावर वेशीच्याही बाहेर!

शुक्रवारी मी भांडलो. त्याच्या संस्थेच्या अहवालाचा कागद बघितला. नाव, गाव, कुटुंबात माणसं किती, धर्म, नुकसान काय. जातीचा रकाना नाही. म्हटलं, "तुझ्या वरच्या साहेबांना मार दिसतो, जात दिसत नाही का?" तो गप्प. मग म्हणाला, "देवळात नव्हती सोडली म्हणून चर्चमध्ये सुटेल असं तुला कुणी सांगितलं?" तमिळनाडूत त्रिचीला मेलपुदूरच्या कबरस्तानात भिंत घातली गेली. एका बाजूला वरच्या जातीचे ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला दलित ख्रिस्ती. येशू कुठल्या बाजूला, ते भिंत बांधणाऱ्यांना विचारा.

आणि सरकार काय म्हणतं? ख्रिस्ती झालास, जात संपली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद. हिंदू असशील तरच अनुसूचित. १९५६ ला शीख आत घेतले. १९९० ला आपण, बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं, ही धर्माची अट काढा. काढली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. त्याला मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. २०२५ मध्ये आंध्रच्या हायकोर्टानं एका पास्टरला सांगितलं, तू ख्रिस्ती, तुला ॲट्रॉसिटीचा कायदा नाही. गावाला त्याची जात दिसते, कायद्याला दिसत नाही. मारणाऱ्याचे डोळे शाबूत, न्यायाच्या डोळ्यावर पट्टी.

आता आपल्या घरातलं बोलतो. आपल्यातलेच काही कुजबुजतात, वाटेकरी वाढतील. बोला ना मोठ्यानं! १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं केंद्राच्या सवलतींच्या दाराबाहेर आपणच उभे होतो. धर्म बदलला म्हणून जात सुटली नाही हे तेव्हा आपणच ओरडून सांगत होतो. मग तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी आलं की आपल्याला ऐकू का येत नाही? जागांचा हिशोब बसून मांडता येईल, आयोगानं मांडावा. पण ॲट्रॉसिटीचा कायदा काही भाकरीचा तुकडा नव्हे. तो दुसऱ्याला दिला म्हणून आपला कमी होत नाही. निदान तेवढं तरी आज मागा. आणि चर्चच्या पुढाऱ्यांना सांगा, परदेशाकडं छळाचे आकडे धाडण्याआधी आपल्या कबरस्तानातल्या भिंती पाडा.

शनिवारी आम्ही तांदूळ वाटला. चाळीस पोती. ती मी वाहिली. ती मला झेपतात, दुसरं काय येतं? एका म्हाताऱ्यानं माझं नाव विचारलं. सांगितलं. धर्म विचारला. सांगितला. हसला आणि म्हणाला, "मग तुलापण गावात जागा नसेल."

रविवारी दोस्त प्रार्थनेला गेला. मी बाहेर ओट्यावर बसलो. प्रार्थना मला येत नाही. पण आत गाणारी माणसं दार उघडं ठेवून गात होती आणि सगळ्यांची एक नजर रस्त्यावर होती. तसं गाणं मी याआधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी पुन्हा गोदीत. सात खाड्यांचे पैसे गेले. मुकादमानं विचारलं, "कुणाची मयत होती?" म्हटलं, "आपल्याच माणसाची."

जय भीम.