पाटी खुली, परवाना बंद

सप्टेंबरचा तिसरा शनिवार ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ म्हणून साजरा होतो. कुठे लिनक्स इन्स्टॉल करून दाखवतात, चार-दोन भाषणे होतात, चहा-समोसे होऊन मंडळी पांगतात. यंदा त्यांनी एवढे करावे: ज्या प्रकल्पावर ‘ओपन सोर्स’ अशी पाटी आहे, त्याच्या परवान्याची फाइल उघडून वाचावी. पाटी लावायला हल्ली काही लागत नाही.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो खुला झाला, असे अनेकांना वाटते. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. परवाना जोडलेला नसेल तर हक्क लेखकाकडेच राहतात. दिसला म्हणून तो कोड उचलता येत नाही.

परवाना जोडलेला असला, तरी तो काय म्हणतो हे पाहावे लागते. १९९८ साली स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने डेबियन या लिनक्स प्रणालीच्या नियमांवरून दहा कलमांची व्याख्या केली. त्यातली पाचवे आणि सहावे ही दोन कलमे भल्याभल्यांना जड जातात. कोणत्याही व्यक्तीला वा गटाला वगळायचे नाही, आणि कोणत्याही कामासाठी वापर अडवायचा नाही. धंद्यासाठीसुद्धा नाही. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या डेटा-स्वरूपाच्या आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात सॉफ्टवेअर सत्कार्यासाठीच वापरावे अशी अट घातली, तर डेबियनने तोही परवाना मुक्त मानला नाही. हेतू भला होता, पण सत्कार्य कोणते हे ठरवायचे कोणी?

तालुक्याच्या गावातला डीटीपीवाला लग्नपत्रिका जुळवतो, तेव्हा परवान्याचा प्रश्न त्याच्याही टेबलावर असतो. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असलेला फुकट फॉन्ट त्याने वापरला, तर पत्रिकेचे पैसे घेताक्षणी तो अटीबाहेर गेला. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ मात्र ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. त्यालाही अटी आहेत, नुसता फॉन्ट विकता येत नाही. पण त्यात जुळवलेल्या पत्रिकेचे पैसे खुशाल घ्यावेत. म्हणजे खुल्या परवान्यात अटी चालतात, वापरणाऱ्याची जात पाहणे चालत नाही. मेटाच्या लामा २ या एआय मॉडेलचा परवाना इथेच अडकतो. महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना त्यात वेगळी परवानगी मागावी लागते, आणि जाहिरात मात्र ‘ओपन सोर्स’ची.

रेडिसची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००९ पासून बीएसडी या खुल्या परवान्याखाली वाढलेला हा डेटाबेस मार्च २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने दुसऱ्या परवान्यांखाली नेला. मोठ्या क्लाउड कंपन्या आयता माल विकून गब्बर होतात आणि पदरात काही टाकत नाहीत, ही तक्रार. तक्रार खोटी नाही. पण त्यावर निवडलेल्या एसएसपीएल परवान्याची मागणी पाहा: हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून द्याल तर बॅकअप, देखरेख, व्यवस्थापन अशा तुमच्या साऱ्या यंत्रणेचा कोड उघडा करा. व्यवहारात ती बंदीच. हाच परवाना मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये आणला होता. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्यतेसाठीचा अर्ज त्यांनी पुढे स्वतःच मागे घेतला. कंपनीने पोटासाठी दार लावून घ्यावे, तो तिचा हक्क आहे. लावल्यावर ‘उघडे आहे’ म्हणू नये, इतकेच.

दार लागले तरी आधी देऊन टाकलेले परत घेता येत नाही. रेडिसची ७.२.४ ही आवृत्ती बीएसडीखालीच राहिली. काही दिवसांतच तिच्यावरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘वाल्की’ उभे राहिले, आणि क्लाउड कंपन्याही तिकडेच गेल्या. मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक मान्यताप्राप्त परवाना, एजीपीएल, पर्याय म्हणून दिला.